लांबच्या टूरसाठी सायकल कशी तयार करायची? डोळखांब ते शिवनेरीच्या निमित्ताने सविस्तर माहिती



"दादा, माझी सायकल शिवनेरीपर्यंत जाईल का?"

माझ्या मामेबहिणीने गणपतीत हा प्रश्न विचारला. ती अकरावीत आहे. सायकल शाळेतून मिळालेली, बिनगियरची, पुढे टोपली असलेली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं डोळखांबहून किन्हवली, सरळगाव, टोकावडे, माळशेज घाट, मढ, ओतूर, जुन्नर असं दोन दिवसांत जायचं म्हणतोय. मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. कारण तीन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर माझी स्वतःची, तिच्या सायकलच्या पाचपट किमतीची, २१ गियरची सायकल घाटाखालीच बसली होती.

त्या वेळी मी तयारी केली नव्हती असं नाही. भरपूर केली होती. फक्त ती मोबाईलची होती! ऑफलाइन नकाशा, पॉवर बँक, हँडलवरचा होल्डर, हेल्मेटवर कॅमेरा. सायकल मात्र धुतली, हवा मारली आणि मागच्या कॅरियरवर पंधरा किलोची बॅग बांधून निघालो. टोकावड्याच्या पुढे मागच्या चाकातून 'टंग' असा आवाज आला. एक स्पोक तुटला होता. चाक आऊट झालं आणि ब्रेकला घासायला लागलं. घाटाखालच्या एका गावात सायकलवाले काका भेटले. त्यांनी चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "स्पोक ढीगभर हायेत रे, पण तुझ्या मापाचा नाय."

मागचा ब्रेक सोडून ठेवला तर चाक फिरत होतं. पण एकाच ब्रेकवर घाट उतरायचा कसा? शेवटी मोबाईलची बॅटरी ९२ टक्के, नकाशा अगदी बरोबर, आणि सायकल टेम्पोत, अशा थाटात मी घरी आलो.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमच्याकडे एखादी सिस्टम लाइव्ह करण्याआधी विचारतात, यातला कुठला भाग बंद पडला तर सगळं बंद पडेल? हाच प्रश्न मी सायकलला विचारला नव्हता. या लेखात तो एकेका भागाला विचारूया.

## आधी एक गोष्ट स्पष्ट करू : रेस वेगळी, टूर वेगळी

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये महाराष्ट्राची नावं मोठी आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किमीची स्पर्धा दोघांच्या टीममध्ये नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. पण अशा रेसमध्ये सायकलस्वारामागे गाडी असते. गाडीत माणसं, जादा चाकं, खाणं, सगळं असतं.

टूरमध्ये मागे कोणी नसतं. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, सुमारे २९,००० किमीची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली. सोबत सपोर्टची गाडी नाही, सामान सायकलवरच. त्याही आधी, १९२३ मध्ये मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये प्रवास पूर्ण करून परतले. तेव्हा मोबाईल सोडाच, अनेक ठिकाणी धड रस्ताही नव्हता.

म्हणजे टूरची सायकल सगळ्यात हलकी किंवा सगळ्यात महाग असायची गरज नाही. ती वाटेत दुरुस्त होणारी असली पाहिजे.

## एक प्रश्न, तीन याद्या

प्रत्येक भागाकडे बघून स्वतःला एकच प्रश्न विचारा : हा भाग तुटला तर वाटेतल्या सगळ्यात छोट्या सायकलच्या दुकानात मिळेल का?

उत्तराप्रमाणे तीन याद्या होतात.

१. मिळेल. (पंक्चरचा पॅच, ऑइल, साधी ब्रेक केबल, छर्रे, साधे ब्रेक रबर) याचं फार ओझं वाहू नका.
२. मिळणार नाही, पण मी बदलू शकतो. (माझ्या मापाचे स्पोक, माझ्या व्हॉल्व्हची ट्यूब, डिस्कचे पॅड, चेनची जोडकडी, गियरची केबल) हे सोबत घ्यायचंच.
३. मिळणार नाही आणि मला बदलताही येणार नाही. (अ‍ॅक्सल, रिम, बॉटम ब्रॅकेट, गियर शिफ्टर) हे निघण्याआधी तपासून घ्यायचं. शंका असेल तर घरीच बदलायचं.

आता एकेक भाग पाहू.

## १. टायर : बाजूवरचे आकडे वाचायला शिका

टायरच्या बाजूवर '२८', '२६', '७००सी' असं काहीतरी लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे हे आकडे फसवे आहेत. खरा आकडा तिथेच बारीक अक्षरात असतो, उदाहरणार्थ ३७-६२२. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळला तरच टायर बसतो.

- ७००सी आणि '२९' : ६२२
- २७.५ : ५८४
- गियरच्या माउंटन सायकलचं २६ : ५५९
- साध्या सायकलचं २६ × १-३/८ : ५९०
- जुन्या काळ्या सायकलचं २८ × १-१/२ : ६३५

बघा, '२६' नावाचे दोन टायर आहेत आणि ते एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. '२८' चंही तसंच. काही ७००सी टायरवरही २८ छापलेलं असतं, पण ते ६२२ असतात, काळ्या सायकलचे ६३५. दुकानात "अठ्ठावीसचा टायर द्या" म्हणालात तर चुकीचा मिळू शकतो. म्हणून आजच आपल्या टायरच्या त्या आकड्याचा फोटो काढून ठेवा.

ट्यूब मात्र रबराची असल्याने थोडी ताणते. ६२२ च्या चाकात जवळपासच्या रुंदीची ६३५ ची ट्यूब अडचणीत चालून जाते. लक्षात ठेवा : ट्यूबवर भागतं, टायरवर भागत नाही.

टायर बदलायचा कधी? आतले धागे दिसत असतील, बाजूला भेगा असतील किंवा मधला भाग सपाट झाला असेल तर टूरच्या आधी. खराब रस्ता आणि सामान असेल तर ३५ ते ५० मिमी रुंदीचा टायर आरामात चालतो.

## २. व्हॉल्व्ह आणि हवा

आपल्याकडे तीन प्रकारचे व्हॉल्व्ह दिसतात.

- साध्या सायकलचा जुना व्हॉल्व्ह, याला डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. गावातल्या सायकलच्या दुकानातला हातपंप याच्यासाठीच असतो.
- मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह, म्हणजे श्रेडर. पेट्रोल पंपावर, टायरवाल्याकडे, कुठेही हवा मिळते.
- बारीक, टोकाला स्क्रू असलेला, म्हणजे प्रेस्टा. महागड्या सायकलींना असतो. याला गावात हवा मारायची तर पितळेचं छोटं अ‍ॅडॅप्टर लागतं. किंमत किरकोळ आहे. एक व्हॉल्व्हवरच लावून ठेवा, एक बॅगेत टाका.

रिमचं भोकही वेगळं असतं. प्रेस्टाचं साधारण ६.५ मिमी, श्रेडरचं ८.५ मिमी. त्यामुळे प्रेस्टाच्या रिममध्ये श्रेडरची ट्यूब जात नाही. उलटं मात्र जमतं.

हवा किती? टायरच्या बाजूवर कमाल पीएसआय लिहिलेला असतो, तो ओलांडायचा नाही. सामान मागे असेल तर मागच्या चाकात पुढच्यापेक्षा ५ ते १० पीएसआय जास्त ठेवा. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चेपते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. असं पंक्चर दिसलं तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा. आणि पेट्रोल पंपावरच्या मशीनने थोडी-थोडी हवा मारा, सायकलची ट्यूब एका झटक्यात भरते आणि फुटूही शकते.

## ३. चाक आणि स्पोक : माझी चूक इथेच झाली

सामानाचं बहुतेक वजन मागच्या चाकावर येतं. त्यातही चेनच्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, म्हणून बहुतेक वेळा तेच तुटतात. आणि ते तुटले की बदलण्यासाठी फ्रीव्हील किंवा कॅसेट काढावी लागते. त्याला खास पाना लागतो.

घरी करायची तपासणी : सायकल उलटी करा. शेजारचे दोन-दोन स्पोक बोटांनी एकत्र दाबत चाकभर फिरा. एखादी जोडी ढिली लागली तर ती खूण. मग चाक फिरवा आणि ब्रेक रबर व रिममधली फट बघा. फट कमी-जास्त होत असेल तर चाक आऊट आहे. जाणकाराकडून आऊट काढून घ्या, आणि नुसतं चाक सरळ करायला नको, सगळे स्पोक सारखे ताणायला सांगा. मी स्वतः निपल फिरवून चाकाचं पापड केलेलं आहे, म्हणून सांगतोय.

माप : एकाच सायकलमध्ये स्पोकची तीन मापं असू शकतात. पुढचे, मागचे डावे आणि मागचे उजवे. दुकानात मोजून घ्या आणि प्रत्येक मापाचे दोन-तीन जादा स्पोक निपलसकट फ्रेमच्या नळीला टेपने चिकटवून टाका. वजन नगण्य आहे. त्या दिवशी माझ्याकडे एवढं असतं तर काकांनी अर्ध्या तासात मला घाटाकडे पाठवलं असतं.

वाटेत तुटलाच तर : तुटलेला स्पोक शेजारच्या स्पोकला गुंडाळा, म्हणजे अडकणार नाही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्पोकची निपल अर्धा-अर्धा फेरा सैल करा, चाक बरंच सरळ होतं. मग सामान दुसऱ्याच्या सायकलवर द्या आणि हळू चालवत दुकान गाठा.

आणखी एक मुद्दा. स्वस्त गियरच्या सायकलींमध्ये मागे बहुतेक वेळा स्क्रूवर बसणारं फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचं बेरिंग टोकापासून बरंच आत राहतं, त्यामुळे जड सामानाने अ‍ॅक्सल वाकायची शक्यता वाढते. कॅसेटच्या हबमध्ये हा त्रास कमी. तुमच्याकडे फ्रीव्हील असेल तर घाबरू नका, पण मागचं सामान दहा किलोच्या आत ठेवा.

## ४. ब्रेक : चढताना नाही, उतरताना जीव याच्यावर

थोडं गणित करू. सायकल, तुम्ही आणि सामान मिळून ९० किलो धरा. घाटाची उतरण ६०० मीटर उंचीची धरा. खाली येईपर्यंत सुमारे ५३० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत दीड लिटरपेक्षा जास्त पाणी उकळतं! काही भाग हवेच्या विरोधात जातो, पण हळू उतरलात तर बराचसा ब्रेकमध्येच जातो.

म्हणून :

- ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिम तापते आणि आतली ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करा, मग सोडा. रिम थंड होऊ द्या. मध्ये थांबा.
- ब्रेक रबर वर खाचा असतात. खाच दिसेनाशी झाली की बदला. रबरात अडकलेले खडे टोकदार वस्तूने काढा, ते रिम खातात.
- केबल लिव्हरच्या टोकाशी बघा. एखादी तार जरी सुटलेली दिसली तरी केबल बदला. ती तुटते ती नेमकी जोरात दाबल्यावरच.
- स्टीलची चकचकीत रिम ओली झाली की ब्रेक फारच कमी लागतो. साध्या सायकलवर पावसात घाट उतरायचा नाही, चालत उतरायचं.
- डिस्क ब्रेक असेल तर जादा पॅड सोबत घ्या. डिस्कला किंवा पॅडला ऑइलचा हात लावू नका.
- हायड्रॉलिक ब्रेक गावात दुरुस्त होत नाही. लिव्हर स्पंजसारखी दबत असेल तर निघण्याआधीच शहरात काम करून घ्या. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा.

माळशेजला पावसाळ्यात दरडी कोसळतात, धुकं असतं आणि वाहनांची गर्दी असते. त्यामुळे भातकापणीच्या सुमारास, रस्ता कोरडा झाल्यावर जाणं आम्ही ठरवलं.

## ५. चेन आणि गियर

चेन मोजणं सगळ्यात सोपं आहे. शाळेची फूटपट्टी घ्या. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती दीड मिलिमीटरच्या आसपास पुढे गेली असेल तर चेन बदला. तीन मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेनबरोबर कॅसेट किंवा फ्रीव्हीलही बदलावं लागेल, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन उसळते.

चेनला ऑइल प्रत्येक कडीवर एक-एक थेंब, मग फडक्याने बाहेरचं सगळं पुसून टाका. ओली चेन धूळ खेचते. आणि गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे चेनचं ऑइल नव्हे, तो मारला असेल तर नंतर खरं ऑइल द्यावंच लागतं.

गियर पुरेसा हलका आहे का? हे मोजता येतं. पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचा घेर. पुढे २८, मागे ३४ आणि घेर २.१९ मीटर असेल तर एका पायडलफेऱ्यात सायकल १.८ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ६.५ किमी. घाटात हे छान जमतं.

आता बहिणीची सायकल. पुढे ४४, मागे १८, घेर सुमारे २.०९ मीटर. एका फेऱ्यात ५.१ मीटर. त्याच वेगाने घाट चढायचा तर मिनिटाला फक्त २१ फेरे. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला उभं राहून जोर! गुडघे जाणार. बिनगियरच्या सायकलला मागे २२ दातांचं फ्रीव्हील बसवता येतं, त्याने सपाटीवर आणि छोट्या चढावर आराम पडतो. चेन थोडी लांब लागते. पण घाटात ती सायकल ढकलायचीच, त्यात लाज कसली?

## ६. कॅरियर आणि सामान

- कॅरियरवर किती किलो चालतील ते बहुतेक वेळा त्यावरच कोरलेलं असतं. ते वाचा.
- कॅरियरचे बोल्ट धक्क्यांनी सैल होतात. प्रत्येकाला वॉशर हवा. रोज सकाळी एकदा अ‍ॅलन की फिरवायची. दोन बोल्ट जादा ठेवा.
- वजन खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं. कॅरियरवर उंच बांधलेली बॅग वळणावर सायकलला झुलवते.
- पाठीवर सॅक नको. वीस किलोमीटरनंतर खांदे, पाठ आणि बूड तिघंही संप करतात.
- दोरीची मोकळी टोकं स्पोकपासून दूर. लोंबणारी ओढणी, पट्टा, चार्जिंगची केबल, सगळं आत.

## ७. सीटची उंची

सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना तळव्याचा पुढचा भाग पायडलवर आला की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. आपल्याकडे बहुतेक जण सीट फार खाली ठेवतात आणि मग "सायकलने गुडघे दुखतात" म्हणतात. सीटच्या नळीवरची कमाल उंचीची खूण मात्र बाहेर दिसता कामा नये.

## ८. आता मोबाईल (हो, शेवटी!)

नकाशा : जीपीएसला इंटरनेट लागत नाही, तो सॅटेलाइटवरून चालतो. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला. म्हणून गुगल मॅप्समध्ये भाग आधीच डाउनलोड करा, किंवा ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स अथवा ओएसएमअँड वापरा. घाटात रेंज जाते हे धरूनच चला.

बॅटरी : पाच हजार एमएएचचा फोन म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. दहा हजार एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-तास. पण व्होल्टेज बदलताना ऊर्जा वाया जाते, त्यामुळे फोन दोनदा भरत नाही, एक ते दीड वेळाच भरतो. दोन दिवसांच्या टूरला तेवढं पुरतं. स्क्रीन बंद ठेवून फक्त आवाजावर रस्ता ऐका, सर्वांत जास्त बॅटरी स्क्रीनच खाते.

होल्डर : सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने सांगितलं होतं की मोटारसायकलच्या इंजिनच्या जोरदार थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते. सायकलला इंजिन नाही, पण आपले खड्डे आहेत. महागडा फोन हँडलवर लावण्यापेक्षा बॅगेत ठेवा.

आणीबाणी : लॉक स्क्रीनवर घरच्यांचा नंबर आणि रक्तगट दिसेल अशी सेटिंग करा. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे नंबर साऱ्यांना तोंडपाठ हवेत. आणि कागदावर चार नंबर लिहून खिशात ठेवा, कागदाची बॅटरी संपत नाही.

## ९. सोबतची पिशवी

- जादा ट्यूब एक, पॅच, सोल्युशन, पॉलिश पेपर
- टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या
- छोटा पंप आणि लागत असेल तर अ‍ॅडॅप्टर
- अ‍ॅलन कीचा संच, पाना, स्क्रू ड्रायव्हर
- चेन तोडायचं हत्यार आणि तुमच्या चेनला बसणारी जोडकडी
- जादा स्पोक, स्पोकचा पाना, कॅसेट किंवा फ्रीव्हील काढायचं हत्यार
- ब्रेकची आणि गियरची एक-एक केबल, ब्रेक रबर किंवा पॅड
- टेप, प्लास्टिकचे टाय, थोडी तार, ऑइलची छोटी बाटली, जुनं फडकं
- पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, दिवसाच जाणार असलात तरी

एक टीप : डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. डावं पायडल घट्ट करायला पाना उलट्या दिशेने फिरवावा लागतो. हे माहीत नसल्याने जोर लावून क्रँकचे आटे घालवणारे पुष्कळ आहेत.

## १०. चाचणी : ही पायरी गाळू नका

तीन आठवडे आधी : वरची सगळी तपासणी. बदलायचं ते बदला. नवं सामान टूरच्या आदल्या दिवशी बसवू नका, नवी केबल ताणते आणि नवे स्पोकही थोडे बसतात.

दोन आठवडे आधी : टूरला नेणार तेवढंच सामान बांधून ४०-५० किमी चालवा. रिकाम्या सायकलवरची चाचणी ही चाचणीच नव्हे. आम्ही डोळखांबहून शहापूरला जाऊन परत येतो. खड्डे, चढ, रहदारी, सगळं मिळतं.

एक आठवडा आधी : जे सैल झालं ते घट्ट करा. अंगणात बसून एकदा मागचं चाक काढा, ट्यूब बदला, परत बसवा. वेळ लावून बघा. पहिल्यांदा मला पाऊण तास लागला होता, आता पंधरा मिनिटं.

स्वतःचीही चाचणी घ्यायची असेल तर ऑडॅक्सच्या ब्रेव्हे राइड असतात. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, नंबर काढत नाहीत, आणि वाटेतली दुरुस्ती ज्याची त्याने करायची. टूरसाठी याहून चांगली शाळा नाही.

## मग बहिणीची सायकल जाईल का?

आम्ही दोघांनी रविवारी अंगणात तिची सायकल उलटी केली आणि तीन याद्या लिहायला घेतल्या. पहिली यादी भरत गेली. दुसऱ्या यादीत फार काही येईना. तिचे टायर, ट्यूब, स्पोक, छर्रे, चेन, सगळं वाटेतल्या दुकानात मिळणारं. माझ्या सायकलची दुसरी यादी पानभर झाली होती! ती हसली आणि म्हणाली, "दादा, म्हणजे माझी भारी आहे ना?"

दुरुस्तीच्या हिशोबाने, हो. तिची सायकल घाट चढणार नाही, पण अडकणारही नाही.

तिसऱ्या यादीत मात्र एक गोष्ट सापडली. मागचं चाक धरून आडवं हलवलं तर खटखट वाजत होतं. काकांकडे नेली (आमच्या गावातले काका, टोकावड्याकडचे नव्हेत). अ‍ॅक्सल काढला तर तो मधून किंचित वाकलेला. रोज मैत्रिणीला डबलसीट नेण्याचं फळ. नवा अ‍ॅक्सल आणि छर्रे बसवले, ब्रेकचे चारही रबर बदलले, मागे २२ चं फ्रीव्हील टाकलं. तपासलं नसतं तर हा अ‍ॅक्सल बहुधा येताना, घाट उतरतानाच बोलला असता. पुढे काय झालं असतं याचा विचार करायचा नाही असं आम्ही ठरवलं, आणि मामीला सांगायचं नाही असंही.

आमचा नियम ठरला आहे. घाटात चौघंही सायकली ढकलणार, गियरवालेसुद्धा. येताना उतारावर दर दोन वळणांनी थांबायचं, रिमला हात जवळ नेऊन बघायचं, जास्त तापली असेल तर पाणी प्यायचं, गप्पा मारायच्या, मग निघायचं. पाऊस आला तर चालत.

माझ्या फ्रेमला या वेळी सहा स्पोक चिकटवलेले आहेत, तिन्ही मापांचे. तुमच्या सायकलची टूर कुठलीही असो, पंढरपूर असो, कोकण असो की शेजारचा तालुका, आज एवढंच करा. बाहेर जा, टायरच्या बाजूवरचा तो बारीक आकडा वाचा आणि फोटो काढून ठेवा. तयारी तिथूनच सुरू होते.